हरणी मारायचे दिवस

पाइनच्या परागाची पिवळी पूड गाडीच्या काचेवर बसायला लागली, की अल्फारेटात वसंत आला असं समजायचं. दोन आठवडे सगळं गाव शिंकतं, डोळे चोळतं आणि गाड्या धुतं. परवा सकाळी मी वायपर चालवून ती पूड बाजूला सारत होते, तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर निनादचा मेसेज आला. निनाद म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. चाळिशीचा, कामसू, सगळ्यांना हवाहवासा. ‘हरणांच्या शिकारीच्या नियमांची नोटीस परत आली आहे. शुभाकाकू, मागच्या वेळसारखं मस्त लेटर ड्राफ्ट कराल ना?’ खाली जोडलेले हात, हरणाचं एक गोंडस चित्र, आणि बघता बघता सतरा अंगठे.

ते अंगठे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वेळसारखं म्हणे! मागच्या वेळी त्या पत्रानं काय केलं हे या सतरा जणांना ठाऊक आहे. मी स्वतः सांगितलं होतं, दोनदा.

मागची वेळ म्हणजे दोन वर्षांपूर्वीची. आमच्याकडे हे नियम दर दोन वर्षांनी चर्चेला येतात. वसंतात नोटीस निघते, लोकांची मतं मागवतात, आणि शरदात बंदुका बाहेर पडतात. त्या एका शरदाचा वास अजून माझ्या नाकात आहे: झाडाखाली पडून आंबलेली सफरचंदं, पायाखाली ओली पानं, आणि पत्र्याच्या शेडमधलं थंड पडत चाललेलं रक्त. चाळीस वर्षं डॉक्टर म्हणून मी बाळंतपणं केली, रक्ताची मला भीती नाही. पण बाळंतपणाच्या खोलीत रक्ताच्या वासाबरोबर कुणाचं तरी रडणं ऐकू यायचं. तिथे तसं काही नव्हतं.

आमचं डोंगरातलं केबिन अल्फारेटापासून दोन तास उत्तरेला आहे. निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याला, मुकुंदला, डोंगर हवा होता आणि मला शांतता, म्हणून ते घेतलं. शेजारी वेन. सत्तरीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. त्यानं जन्मभर त्या खोऱ्यांतून टपाल वाटलं, त्यामुळे कुठल्या घरात कोण आजारी आहे आणि कुठल्या उतारावर कुठली झाडं आहेत, दोन्ही त्याला सारखंच पाठ. पहिल्या वर्षी तो आमच्या दारात हरणाच्या मांसाचं पुडकं घेऊन उभा राहिला. आम्ही खात नाही म्हटल्यावर ओशाळला, परत गेला आणि काकवीची बरणी घेऊन आला. तिकडे डोंगरात ज्वारीच्याच जातीच्या गोड धांड्यांची काकवी करतात. मी मूळची यवतमाळची. पोळीला ती काकवी लावून खाल्ली आणि या माणसाशी आपलं जमणार, असं मनाशी ठरवून टाकलं. तो शिकारी आहे ही गोष्ट मी काकवीच्या बरणीमागे ढकलून दिली. मला डॉक म्हणायचा. हरणांबद्दल आम्ही कधी बोलायचो नाही. तो मारतो आणि मी मारत नाही, यात बोलायचं काय, असा माझा तोरा होता.

हरणं मात्र दोघंही बघायचो. केबिनच्या मागे एक सोडून दिलेली जुनी सफरचंदाची बाग आहे. पहिल्या वर्षी सकाळी चहाचा कप घेऊन पडवीत बसलं, की बागेच्या कडेला हरणींचा कळप यायचा. पुढे एक पोक्त हरणी, मागे पाडसं. पान वाजलं की सगळ्यांच्या पांढऱ्या शेपट्या एकदम वर. मी मोजायचे आणि कपातला चहा गार व्हायचा. मग कळप लहान होत गेला. पाच, मग तीन. एका वर्षी कित्येक सकाळी नुसती सफरचंदंच. मुकुंद म्हणायचा, अगं, तिकडे पलीकडे जात असतील. मीही तसंच धरून चालले. सोयीचं होतं.

तर त्या वसंतात नोटीस आली, आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात निनादचा फोन आला. सरकार हरणांच्या शिकारीचे नियम बदलतंय, मंडळानं विरोध करायला हवा, आणि इंग्लिश तुमचंच लागेल, काकू. मंडळाची पत्रं मीच लिहिते. हॉल मिळावा म्हणून शाळेला, दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून शिक्षण मंडळाला, सगळी. मला त्याचा अभिमान आहे, होता म्हणू. नोटीस चाळीस पानांची होती. मी पहिलं पान वाचलं. त्यावर ‘नियमांमध्ये प्रस्तावित बदल’ असं होतं. तेवढं मला पुरलं.

का पुरलं, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. आम्ही या देशात व्हिसा घेऊन आलेली माणसं. नियम बदलला म्हणजे कुणाचं तरी ग्रीन कार्ड लांबलं, कुणाच्या बायकोची नोकरी गेली, कुणी भारतात लग्नाला गेला तो तिकडेच अडकला. पंचवीस-तीस वर्षं हेच पाहिलं. ‘रूल चेंज’ हे शब्द दिसले की आम्ही आधी घाबरतो, वाचायची पाळी नंतर, आणि बहुतेकदा येतच नाही. बदल म्हणजे वाईट, हे आम्ही इतकं पक्कं शिकलोय की सरकार हरणांबद्दल काही बदलतंय म्हणजे जास्तच मारणार, यात कुणालाही शंका आली नाही. अख्ख्या मंडळात एकालाही नाही. डॉक्टर, इंजिनिअर, दोन वकील.

मी पत्र लिहिलं, झकास लिहिलं. ‘आमच्या संस्कृतीत प्रत्येक जीव पवित्र मानला जातो, म्हणून हरणांच्या शिकारीच्या नियमांतील कोणत्याही बदलाला आमचा ठाम विरोध आहे.’ अशी सुरुवात. प्रत्येक जीव पवित्र! माझ्या मामांच्या शेतात हरभऱ्यावर हरणं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पडायच्या, तेव्हा मामा त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत डबे बडवत धावायचे. त्या डब्यांच्या आवाजात पावित्र्य कुठे होतं कोण जाणे. आणि मंडळाच्या पिकनिकला चिकनच्या ट्रेपुढची रांग नेहमी जास्त लांब असते. पण इंग्लिशमध्ये वाक्य छान उतरलं होतं, मग ते खरं आहे का हे कोण बघतो?

पाडव्याच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात श्रीखंडाच्या टेबलाशेजारी निनादनं क्यूआर कोड लावला. आधी स्कॅन करा, मग श्रीखंड. लोकांनी स्वतःच्या नावानं पत्र पाठवलं, नवऱ्याच्या नावानं पाठवलं, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंच्या नावानंही पाठवलं. त्या माउलीनं या राज्यातलं हरीण डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. दुपारपर्यंत पत्रांचा ढीग झाला आणि निनादनं स्टेजवरून माझं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. मी पदर सावरत उठून नमस्कार केला.

पुढच्या महिन्यात डोंगरातल्या गावात जाहीर सुनावणी होती. वेननं विचारलं, येतेस का, माझी दृष्टी हल्ली अंधूक झालीय, गाडी तू चालवलीस तर बरं. मी हो म्हटलं. मनात गंमत वाटत होती. हा तिकडे शिकारीच्या बाजूनं बोलणार आणि मी, त्याच्या विरोधी पक्षाची पुढारी, त्यालाच गाडीतून घेऊन चालले आहे.

शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेक पुरुष, टोप्या, चिखलाचे बूट. एका अधिकाऱ्यानं नकाशा दाखवून प्रस्ताव समजावून सांगितला, आणि तिसऱ्या वाक्याला माझा घोळ माझ्या लक्षात आला. डोंगराळ भागातली हरणं फार कमी झाली आहेत. जंगल म्हातारं झालंय, दाट झालंय, जमिनीवर ऊन पोचत नाही, त्यामुळे कोवळा पाला उगवत नाही. जन्मलेली पाडसं अस्वलं आणि कोल्ह्यासारखे कोयोटी खातात. म्हणून या भागात दोन वर्षं हरणींची शिकार पूर्ण बंद ठेवावी, फक्त नर मारता यावेत. हंगामातले काही दिवस हरणी मारायलाही परवानगी असते, ते दिवस रद्द करावेत. बदल एवढाच होता.

मग वेन बोलायला उठला. टोपी काढून हातात धरली. म्हणाला, मी दहा वर्षांचा असल्यापासून या डोंगरात शिकार करतोय. माझ्या फ्रीजमध्ये दर हिवाळ्याला हरीण असतं आणि मला त्याची लाज नाही. पण गेली चार वर्षं मी हरणी मारलेली नाही, कारण मारायला उरलेल्या नाहीत. हरणी मारली की पुढच्या वर्षीची दोन पाडसंही मारली जातात, हे गणित टपालवाल्यालाही कळतं. नियम आमच्या हातातून काढून घ्या. काही लोकांना स्वतःहून थांबता येत नाही. एवढं बोलून तो बसला.

जिममध्ये दोन-तीन जणांनी विरोध केला. त्यांना हरणींचे दिवस हवे होते, तसं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचा मला राग आला नाही, त्यांना निदान काय मागतोय ते माहीत होतं. मग अधिकारी म्हणाला, ईमेलनंही मतं आली आहेत, आणि शहराकडच्या भागातून या बदलाला फार मोठा विरोध आहे, एकाच मजकुराचा. त्यानं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. आमच्या संस्कृतीत प्रत्येक जीव पवित्र मानला जातो. जिममध्ये कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, पवित्र आहे म्हणून हरणी मारा, असं म्हणणं आहे का यांचं?

मी उठायला हवं होतं. माईक दहा पावलांवर होता. हे पत्र मी लिहिलंय, मी नोटीस वाचली नव्हती, ही सगळी पत्रं उलट बाजूला मोजा, एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. चाळीस वर्षांत मी किती नवऱ्यांना, किती सासवांना तोंडावर वाईट बातमी सांगितली, तेव्हा जीभ अडखळली नाही. त्या दिवशी मूग गिळून बसले. ‘वेनबरोबर आलेली ती साडीवाली बाई’ म्हणून उद्या गावभर होईल, याची लाज वाटली. माझ्या अंगावर तर जीन्स होती.

परत येताना वेन खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “ज्यानं कुणी ते लिहिलंय ना, त्याला लिहिता फार छान येतं. वाचता येत नाही, एवढंच.”

त्याच संध्याकाळी मी निनादला फोन केला. झालेला घोळ सांगितला आणि म्हटलं, मुदत संपायला नऊ दिवस आहेत, उलट पत्र आत्ता पाठवू. तो म्हणाला, कमिटीला विचारतो. कमिटीची मीटिंग झाली, तीही झूमवर, आणि तिथे मी जे ऐकलं त्यानं माझा अजून संताप होतो. एकानं विचारलं, दोनदा पत्र पाठवलं तर आपण कन्फ्यूज्ड वाटू ना? दुसऱ्याचं म्हणणं, काकू, टेक्निकली आपला मुद्दा बरोबरच आहे, आपण हिंसेच्या विरोधात आहोत. तिसरा म्हणाला, हरणं काय, लेट इट गो, यार, आपल्याला पुढे हॉलची परमिशन हवीय. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की मग त्या हरणींचं काय होणार. चुकलो म्हणायला एवढा त्रास होतो माणसांना? मी जिममध्ये गप्प बसले, हा माझा एकटीचा भित्रेपणा आहे असं तोवर मला वाटत होतं. त्या मीटिंगमध्ये कळलं, आम्ही तो मंडळाच्या घटनेत घालून घेतलाय.

निनाद शेवटी म्हणाला, “काकू, आपण चांगल्या हेतूनं केलं ना? मग झालं तर.”

हे वाक्य मी दवाखान्यात पुष्कळ ऐकलंय. कुणीतरी पोरीला घरीच कसलासा काढा पाजलेला असायचा, आणि ती स्ट्रेचरवर असायची. हेतू नेहमी चांगलाच असायचा. मी तेव्हा त्या लोकांना बाहेर उभं करून दार लावून घ्यायचे. मी झूम बंद केलं. एकटीनं, माझ्या एकटीच्या नावानं, उलट पत्र पाठवलं. चाळीसच्या चाळीस पानं वाचून पाठवलं. त्या ढिगापुढे ते एकच होतं. उन्हाळ्यात निकाल लागला: जनमताचा विरोध पाहता नियमांत बदल नाही. आम्ही मागितलं होतं तेच मिळालं, सरकारला बोल लावायला जागा नाही.

मुकुंद म्हणाला, सोड ना आता. तुझ्या पत्रानं नाही तर आणखी कुणाच्या विरोधानं झालं असतं. तो मला बरं वाटावं म्हणून बोलत होता, आणि मी त्याच्यावरच उखडले.

शरदात मी एकटीच केबिनवर गेले. पानं लाल झाली होती, हवेत लाकडाचा धूर होता, गावातल्या दुकानात नारिंगी जाकिटांचा ढीग लागला होता. हरणी मारायचे दिवस सुरू व्हायला तीन दिवस होते. मी वेनच्या पडवीत गेले. तो सफरचंदं सोलत होता. मी उभ्यानंच सांगितलं, ते पत्र माझं होतं.

त्यानं सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही, बागेकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहून ऐकल्या असत्या, खरं तर त्यासाठीच गेले होते. मग तो म्हणाला, “शनिवारी सरकारी जंगलाच्या शेडवर माणसं कमी आहेत. नोंदी करायला कुणीतरी लागेल. ये तू.”

शिक्षा म्हणून बोलावलं की माफी म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही. या वर्षी निनादला मी अजून उत्तर दिलेलं नाही. देईन ते एवढंच, की पत्र मी लिहिणार नाही. ज्याला पाठवायचंय त्यानं नोटीस वाचावी आणि स्वतःचं स्वतः लिहावं, ज्याला वाचायचं नाही त्यानं श्रीखंड खाऊन घरी जावं. आणि कारण विचारलं तर त्या शनिवारचं सांगेन.

सकाळी दव पडलं होतं. शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. त्या जंगलात मारलेलं प्रत्येक हरीण तिथे आणून दाखवावं लागतं. वजन करतात, जबडा उघडून दातांवरून वय काढतात, आणि मादी असेल तर सड दाबून दूध आहे का बघतात. वन्यजीव खात्याची एक तरुण मुलगी हे सगळं करत होती, मी फळीवर कागद लावून लिहीत होते. वेन वजनकाट्याशी. शिकारी येत होते. थकलेले, नम्र, मॅम म्हणणारे. कुणीही राक्षस नव्हता. नियमात बसतं तेवढंच त्यांनी केलं होतं.

दहाच्या सुमारास एक हरणी आली. ओळखीची नव्हती, आमच्या बागेत येणाऱ्यांपैकी नव्हती. असती तर मला निदान तिच्यापुरतं रडता आलं असतं. ती मुलगी जबडा तपासण्यात गुंतली होती, मान वर न करता तिनं विचारलं, डॉक्टर, दुधाचं तेवढं तुम्ही बघता का? मी हातमोजे घातले. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. किती बायकांच्या बाबतीत मी हे केलं असेल, पान्हा येतोय का बघायला, काळजी करू नकोस, येईल, असं म्हणत. मी सड दाबला. दूध आलं, थेंबभर नाही, चांगली धार आली आणि माझ्या मनगटावरून ओघळली. दुधाच्या रकान्यात मी ‘आहे’ असं लिहिलं. पाडस एव्हाना चरायला शिकलं असेल, जगेलही, असं वेन हळूच म्हणाला. माझ्यासाठी म्हणाला.

तेवढ्यात पुढची गाडी येऊन उभी राहिली. मागे ताडपत्रीखाली दोन हरणी होत्या. खाली उतरलेला माणूस तिशीचा होता, थोडा गोंधळलेला. फळी माझ्या हातात, म्हणून त्यानं मलाच विचारलं. “मॅम, हरणी चालतात ना इथे? मी ऐकलं होतं की या वर्षी बंद करणार आहेत, नियम बदलणार आहेत.”

वेन काट्यावरून माझ्याकडे बघत होता.

“चालतात,” मी म्हणाले. “नियम बदलला नाही.”